पिशवीतली अर्धा किलो ज्वारी

बाई,

परवा तुमच्या शोकसभेत आबा खोटं बोलले.

दूध सोसायटीच्या हॉलमध्ये तुमचा फोटो ठेवला होता. कुणीतरी आधार कार्डावरून मोठा करून आणलेला, त्यामुळे तुम्ही त्यात घाबरल्यासारख्या दिसत होतात. तुमचा तसा चेहरा मी कधी पाहिला नाही. चेअरमन म्हणून आबांनी हार घातला, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "दुष्काळात आमच्या सोसायटीनं छावणी चालवली, तवा बाईंच्या लेकरांना रोज दूध पुरवलं. लेकरांच्या बाबतीत आमी कदी हात आखडता घेतला न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तुम्ही मागच्या रांगेत बसलेल्या असतात तर तिथूनच ओरडला असतात, "आबा, कोन्त्या म्हशीचं हो?" पण तुम्ही फोटोत होतात. मी चौथ्या रांगेत होतो आणि मी तोंड उघडलं नाही. सभा संपल्यावर आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गुरुजी, स्मरणिका काढतोय बाईंची. तुमी त्यांच्या हाताखालचे. दोन पानं लिवा, चांगलं चांगलं."

हे त्यासाठी लिहायला बसलो होतो. चांगलं चांगलं सुचेना. राग आबांचा आहे, माझा स्वतःचा आहे, आणि खरं सांगतो, तुमचाही आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये, एवढं मला शिकवलेलं आहे. तुम्हीच शिकवलं असेल. जमत नाही.

मी नामदेव. तुमच्या अंगणवाडीतला. माझ्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं, आणि माझ्या आईनं मला पहिल्यांदा घराबाहेर कुणाच्या हातात दिलं असेल तर ते तुमच्या. तेही सहजासहजी नाही.

आपल्याकडे लेकरू तोलत नाहीत. कापूस तोलतात, बोकड तोलतात, धान्य तोलतात. जे विकायचं ते तोलतात. लेकराला काट्याला टांगलं की नजर लागते आणि त्याचं अंग उतरतं, असं आमच्या आया मानायच्या. तुम्ही नवीन होतात तेव्हा वजनाच्या दिवशी गावातली सगळी लहान मुलं अचानक मामाच्या गावाला गेलेली असायची. आई सांगायची, तुम्ही यावर भाषण दिलं नाही. निळ्या खणाच्या कापडाची एक पिशवी शिवली. दिराच्या किराणा दुकानातून तिच्यात नेमकी अर्धा किलो ज्वारी भरून आणली. लिंबाच्या फांदीला काटा अडकवला, झोळीत आधी पिशवी ठेवली, तिच्यावर लेकरू बसवलं आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणालात, "मी ज्वारी तोलायलेय गं! लेकरू नुस्तं सोबत बसलंय."

बाया हसल्या म्हणे. दुसऱ्या महिन्यात निम्म्या आल्या, आणि काही वर्षांत सगळ्याच. प्रत्येक महिन्याच्या शेवटी ती ज्वारी तुम्ही चिमण्यांना टाकायचात आणि पिशवीत नवी भरायचात. त्या झोळीत मी बसलोय. पिशवीतली ज्वारी मांड्यांना टोचायची, ते मला अजून आठवतं.

बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा मी वडवणीहून एसटीनं उतरलो आणि घरी जायच्या आधी तुमच्याकडे आलो. तुम्ही वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, "आता तुला माजा काटा पुरायचा न्हाई रं." मग पदर डोळ्याला लावलात. तुमच्याविषयी मला सगळ्यात आधी हे आठवायला पाहिजे. पण ते आठवलं की लगेच दुसरं आठवतं.

त्या वर्षी माजलगावच्या धरणात भेगा पडलेला गाळ उघडा पडला होता. गावात चारा नव्हता, पाणी टँकरचं होतं. आपल्या दूध सोसायटीला जनावरांची छावणी मिळाली. गावाबाहेरच्या बरडावर हिरव्या जाळीचे मांडव पडले. मला तिथे कारकून म्हणून घेतलं. सकाळ-संध्याकाळ जनावरं मोजायची, कानातला बिल्ला बघून वहीत खूण करायची. पदवी घेऊन मी म्हशी मोजत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती, कारण आमच्या घरात वही-पेनची नोकरी करणारा मी पहिला होतो.

जनावरांपाशी माणसं राहायला आली, माणसांबरोबर लेकरं. पाल ठोकून तिथेच संसार. गावातली तुमची अंगणवाडी रिकामी पडली, तर तुम्ही काटा खांद्याला लावून रोज छावणीवर चालत यायला लागलात. चारा तोलायचा मोठा काटा ज्या लोखंडी पाइपाला टांगला होता, त्याच पाइपाला शेजारी तुमचा छोटा काटा टांगलात. आबांना ते आवडलं नाही. त्या दिवशीचं तुमचं बोलणं मला शब्दाशब्दानं आठवतं.

"आबा, म्हशीला दिसाला पंधरा किलो चारा हाय. वर पेंड हाय. आठ दिसाला डाक्टर येतोय. माज्या लेकरांला काय हाय?"

"बाई, छावणी जनावरांची हाय. लेकरांची पायजे आसंल तर सरकारला अर्ज करा."

"करते की. सही कोन करनार त्याच्यावर, म्हशी?"

चारा उचलणारे गडी हसले. आबाही हसले; ते हसायचे तेव्हा मला जास्त भीती वाटायची.

"मी लई काय मागत न्हाई," तुम्ही म्हणालात. "डेअरीच्या क्यानात वतायच्या आदी घरच्या लेकराला फुलपात्रभर दूध. येवडंच बायांला सांगायलेय. तुमी आडवे येऊ नका."

"आमी कावून आडवं येऊ? ज्याचं दूध त्याचा धर्म."

आठ दिवसांनी मांडवाच्या तोंडाशी पाटी लागली. ज्याचं दूध डेअरीला कमी येईल त्याच्या जनावराला पेंड मिळणार नाही. आबांनी सांगितलं आणि मी लिहिली. निळ्या रंगात, एकसारख्या अक्षरात. शाळेत सुविचार मीच लिहायचो ना, अक्षर चांगलं होतं. त्या पाटीखालून छाया रोज दूध घेऊन जायची आणि तिच्या कडेवर सोनी असायची.

छायाचा नवरा ऊसतोडीला गेलेला. तिच्याकडे दोन म्हशी, त्यातली एक दुभती. स्वतःच्या अंगावरचं दूध आटलेलं. सोनी सोळा महिन्यांची होती. कोऱ्या चहात बिस्कीट बुडवून छाया तिला भरवायची आणि म्हशीचं दूध क्यानात ओतायची, कारण पेंड बंद झाली तर म्हैस आटणार आणि म्हैस आटली तर मग काहीच नाही. तुम्ही तिच्याशी रोज भांडायचात. रोज स्वतःच्या घरून शेंगदाण्याचा लाडू आणून सोनीच्या तोंडात घालायचात. अंगणवाडीची खिचडी मदतनीस बाई शिजवायची, पण सोनीला ती गिळत नव्हती.

मग तुम्हाला कावीळ झाली. तेच टँकरचं पाणी तुम्हीही पीत होतात. दोन महिने अंथरुणाला खिळलात. मला बोलावून घेतलंत. डोळे हळदीसारखे झाले होते.

"नामा, वजनाचं तू बग. मदतनीस बाईला काटा वाचता येत न्हाई. तू तर शास्त्र शिकलायस."

मला अभिमान वाटला, बाई. छाती भरून आली.

काटा टांगला, झोळी अडकवली, तुमची निळी पिशवी आत ठेवली, तिच्यावर एकेक लेकरू बसवलं, काटा वाचला आणि लिहिला. ज्वारी वजा केली नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही आधी रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचो, मग त्यात पदार्थ घालायचो. मला वाटलं, तुम्हीही पिशवी धरूनच काटा शून्यावर लावून ठेवला असणार. वरचा स्क्रू त्यासाठीच तर असतो. तुम्ही इतकी वर्षं अर्धा किलो मनातल्या मनात वजा करून लिहीत होतात, हे मला माहीत नव्हतं. माझ्या शास्त्राला नुसती पिशवी एकदा टांगून बघावी एवढंसुद्धा सुचलं नाही. त्याला किती वेळ लागतो? तुम्ही मला सांगितलं नाहीत, कारण मी त्या झोळीत बसून मोठा झालो होतो, मला ठाऊकच असणार असं तुम्ही धरून चाललात. मी विचारलं नाही, कारण मी पदवीधर होतो.

सोनीचं वजन मी लिहिलं सात किलो दोनशे. तक्त्यावर ते पिवळ्या पट्ट्यात येतं. खरं होतं सहा किलो सातशे, म्हणजे लाल. लाल पट्ट्यात गेलेलं लेकरू तुम्ही त्याच दिवशी आईसकट तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचात. सगळ्या तालुक्याला तुमचा हा हट्ट माहीत होता. पिवळ्यातल्या लेकरासाठी कुणी धावत नाही.

पुढच्या महिन्यात सात किलो शंभर. तेही पिवळंच. अंगणवाड्या तपासणाऱ्या तालुक्याच्या मॅडम पाहणीला आल्या, जीपच्या सावलीत उभ्या राहिल्या, वही चाळली. "अक्षर किती छान आहे हो. आणि एकही लाल नाही. उत्तम." सही करून गेल्या. सोनी त्यांच्यापासून आठ पावलांवर बसली होती. डोळ्यांवर माश्या बसल्या होत्या आणि ती त्या हाकलत नव्हती.

त्याच आठवड्यात जनावरांचे डॉक्टर आले होते. सगळ्या मांडवातून एक फेरी मारली आणि एका म्हशीपुढे थांबले. "ही खंगलीय. हिला वेगळी बांधा, पेंड वाढवा." वही न बघता, काटा न लावता. म्हशीच्या बरगड्या बघून. मी धावत जाऊन ती म्हैस वेगळी बांधली. बाई, दहा वर्षं झाली, मला ती म्हैस अजून दिसते. म्हैस ओळखणारा माणूस तिथे येत होता आणि लेकरू ओळखणाऱ्या फक्त तुम्ही होतात, त्याही अंथरुणावर.

आणि मी? सोनीला झोळीत मी स्वतः उचलून ठेवलं होतं. हाताला ती हलकी लागली होती. हाताला कळलं होतं, बाई. काट्यावर सात दोनशे दिसलं आणि मी हाताचं ऐकलं नाही.

तुम्ही परत आलात तेव्हा डोळ्यांतला पिवळेपणा पुरता गेला नव्हता. सगळी लेकरं तोललीत. मग वही मांडीवर घेऊन बसलात. एक बोट माझ्या रकान्यावर, एक बोट तुमच्या.

"नामा, ह्या म्हयन्यात समद्या लेकरांचं वजन घटलंय."

"दुष्काळ आहे, बाई."

"समद्यांचं. अर्ध्या-अर्ध्या किलोनं. दुष्काळ का मापानं येतोय व्हय?"

उठलात, नुसती पिशवी काट्याला लावलीत. काटा अर्ध्यावर जाऊन थांबला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी पिशवीकडे. तुम्ही रागावला नाहीत. रागावायला तुम्हाला वेळच नव्हता. सोनीला उचललंत, छायाला हाक मारलीत आणि रस्त्यावर जाऊन सोसायटीच्या दुधाच्या टेम्पोपुढे आडव्या उभ्या राहिलात.

"बाई, दुधाच्या गाडीत मानसं न्हाईत घेत," ड्रायव्हर म्हणाला.

"मानूस कुटाय? साडेसहा किलो हाय. क्यान समज."

टेम्पो गेला. मी रस्त्यावर उभा राहिलो. संध्याकाळची मोजणी राहिली म्हणून आबांनी मला बोलावणं धाडलं.

सोनी वाचली. तीन आठवडे दवाखान्यात राहिली, छाया तिच्याजवळ, तुम्ही दिवसाआड जाऊन येऊन. वाचली आणि म्हणूनच पुढे काही झालं नाही. मेली असती तर चौकशी लागली असती, कुणीतरी त्या पाटीचा फोटो काढला असता, आबांना चार प्रश्न विचारले गेले असते. लेकरू जगलं की सगळे सुटतात. त्याचं काय काय गेलं, ते कुठल्याच वहीत येत नाही.

मॅडमच्या कचेरीतून तेवढा एक कागद आला: वजनांत एवढी तफावत का, खुलासा करा. मी रात्रभर जागून माझा खुलासा लिहिला आणि सकाळी तुमच्याकडे घेऊन आलो. तुम्ही चुलीपुढे होतात. वाचलात, चार घड्या घातल्यात आणि जाळात सरकवलात.

"तुजं नाव कशाला? तू अंगनवाडीचा मानूस न्हाईस. तुला काट्याला लावलं ही चूक माजीच धरत्यान."

"पण वजनं मी लिहिलीत."

"तुज्या घरातलं पयलं शिकलेलं पोरगं हायेस तू. मास्तरकीचं चाललंय तुजं. गप ऱ्हा."

आणि तुम्ही लिहून दिलंत: आजारपणात वजन घेताना माझ्याकडून चूक झाली. खाली सही. महिन्याच्या बैठकीत सगळ्या सेविकांपुढे त्याच मॅडमनी तुम्हाला उभं केलं. बेजबाबदार म्हणाल्या. ज्यांनी वहीतल्या अक्षराचं कौतुक केलं, आठ पावलांवरचं लेकरू बघितलं नाही, त्या तुम्हाला बेजबाबदार म्हणाल्या आणि तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. हे मला मदतनीस बाईनं सांगितलं. तुम्ही कधीच सांगितलं नाहीत.

बाई, कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी मास्तर झालो, माझा संसार झाला, वडवणीत घर झालं, यातलं सगळं तुमच्या त्या सहीवर उभं आहे. मी त्याचे उपकार मानतो. रोज मानतो. आणि रोज वाटतं, तुम्ही माझी चूक माझ्याकडून काढून घेतलीत, मला न विचारता. लहान लेकराच्या हातातून विळी काढून घेतात तशी. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो.

छायानं सोनीसाठी कपिलधारला नवस बोलला होता. तो फेडायला आपण चौघं गेलतो, आठवतं? धबधब्याच्या जागी कातळावर नुसता ओला काळा पट्टा होता. छाया दर्शनाच्या रांगेत गेली, सोनी माझ्या खांद्यावर झोपली, आणि आपण खालच्या पायरीवर बसून भांडलो.

मी म्हणालो, "छायाला सांगू या."

"काय सांगायचं?"

"तिची सासू तिला रोज बोलते. तुजं दूधच पातळ, म्हणून लेकरू असं झालं म्हणते. छायालाही तसंच वाटायला लागलंय. तिला कळायला नको का, आपण दोन महिने चुकीचं वजन लिहिलं म्हणून?"

"सांगून पोरगी जाड व्हनार हाय का?"

"नाही. पण तिच्या मनावरचं तरी उतरेल."

"आन् उद्या तिनं लेकरू काट्यावर आनलंच न्हाई मंग? एकीनं बंद केलं की समद्या बंद करत्यान. म्हनत्यान, काट्यानंच घात केला. पाच वर्सं लागली मला ह्यांना काट्यापाशी आनायला, आन् वीस वर्सं टिकवायला. तुज्या एका मनासाठी मोडू व्हय?"

तुमचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच चीड येते. एका बाईला खोट्या दोषाखाली ठेवून गावातली बाकीची लेकरं काट्यावर आणायची, हा हिशेब तुम्ही एकटीनं केलात आणि छायाला कधी विचारलं नाहीत. तुमच्यासारख्या बाईनं. आबांना भर छावणीत तोंडावर बोलणाऱ्या बाईनं.

पुढे दरवर्षी दिवाळीला मी तुमच्याकडे यायचो आणि आपण तेच भांडण पुढे चालवायचो. तुम्ही करंजीची ताटली पुढे सरकवायचात, म्हणजे विषय बंद.

आता सोनी माझ्या वर्गात आहे. पाचवीत. रांगेत सगळ्यात पुढे उभी राहते, कारण सगळ्यात बुटकी तीच आहे. पाढे म्हणताना सातच्या पाढ्यात अडकते आणि पहिल्यापासून सुरू करते. दर पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस तापानं घरी असते. चित्रं मात्र सुंदर काढते. म्हशी तर अशा काढते की त्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिल्या दोन वर्षांत लेकराचं जे हुकतं ते पुढे भरून काढणं फार अवघड असतं. मी वही मिटून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. त्या दोन महिन्यांमुळेच सोनी अशी झाली, असं कुणी डॉक्टर सांगणार नाही. त्यामुळे झाली नाही, असंही कुणी सांगणार नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये मी दहा वर्षं उभा आहे. तुम्ही म्हणायचात, "लई विचार करतोस." तुम्ही करत नव्हतात, असं मला वाटत नाही.

तुमच्याकडे शेवटचा आलो तेव्हा तुमचा आवाज बसला होता.

"सोनी किती झाली रं?"

"बावीस किलो."

"पिशवी धरून का?"

मला हसू आलं. मग असा राग आला की उठून दारापर्यंत गेलो. तिथून विचारलं, "बाई, आता तरी सांगू का छायाला?" तुम्ही उशाखालून निळी पिशवी काढलीत. कापड विटून पांढरं पडलेलं, आत ज्वारी होतीच. "ही ने तुज्याकडं," म्हणालात. मी पुन्हा विचारलं, सांगू का. तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. "दार लोटून घे. ऊन येतंय."

हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. तिसऱ्या दिवशी तुम्हाला माती दिली. मूठभर माती टाकताना मी मनात हेच म्हणत होतो: उत्तर द्यायचं होतंत की, बाई.

तर शोकसभेत आबा खोटं बोलले, आणि घरी येताना माझ्या लक्षात आलं की मी दहा वर्षं त्यांच्यासारखाच गप्प बसलो आहे. फरक एवढाच की मला कुणी हार घालून माईक दिला नव्हता.

काल सकाळी छायाकडे गेलो. ती गोठ्यापुढे कडबा तोडत होती. "या गुरुजी," म्हणाली, "बसा, च्या टाकते." मी बसलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पिशवी, काटा, वजा न केलेली ज्वारी, दोन महिने. ती पाटी माझ्या हातची होती, हेही सांगितलं. तिचा विळा चालू होता. मध्येच थांबला.

"मंग पयल्या म्हयन्यात ती किती किलोची व्हती?"

"सहा किलो सातशे."

"आन् लिवलं सात दोनशे."

"हो."

"मला समदे म्हनले, तुज्या दुधात कायबी न्हाई. सासू म्हनली, जाऊ म्हनली. मीबी तेच धरून बसले." ती विळ्याच्या पात्याकडे बघत होती. "बाईला म्हाईत व्हतं?"

"हो."

"आन् म्हसरासाठी ते दूध क्यानात वतलं ते मीच की. त्याचं काय?"

"पाटी आम्ही लावली होती, छायाताई."

म्हैस मान हलवत होती, गळ्यातली घंटा वाजत होती. मग म्हणाली, "बाई जित्ती आसती तर आत्ता जाऊन भांडले आसते तिच्यासंगं. आन् तिचा लाडू नसता तर माजी पोरगी दवाखान्यापत्तुर टिकली नसती. आता मी कुनावर चिडू?"

"माझ्यावर चिडा."

"चिडलेच हाय. तुमाला माफ करनार न्हाई मी, गुरुजी. सांगून ठेवते."

"नका करू."

बाई, मी तुम्हाला सांगतो, दहा वर्षांत कुणी माझ्याशी इतकं सरळ बोललं नव्हतं.

"दुपारी शाळा सुटल्यावर येते," ती म्हणाली. "माज्या म्होरं तोला तिला."

आली. मुलं गेली होती. शाळेत आता उभं राहायचा काटा आहे, पण वजनाच्या दिवशी आया अजून लेकरांच्या मुठीत ज्वारी देऊन पाठवतात. तुमची पिशवी गेली, मूठ राहिली. सोनी सवयीनं मूठ आवळूनच काट्यावर चढली. छाया पुढे झाली, तिनं सोनीची मूठ उघडली आणि सगळी ज्वारी स्वतःच्या पदरात घेतली.

"आये, ज्वारी दे की," सोनी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"न्हाई. सरळ उभी ऱ्हा."

मी वाकून बघितलं. "एकवीस किलो आठशे."

"मोट्यानं सांगा, गुरुजी."

मी मोठ्यानं सांगितलं. रिकाम्या वर्गात ते दोनदा ऐकू आलं. छायानं मान हलवली, पदराची गाठ मारली आणि सोनीला खाली घेतलं. "सोमवारी तालुक्याला डाक्टरकडं न्यायचं हिला," म्हणाली. "तुमी संगं यायचं. पाढ्याचं, तापाचं, समदं तुमीच सांगायचं त्याला." मी हो म्हणालो. रजेचा अर्ज टाकलाय.

आबांना मी ही पानं देणार आहे. त्यांनी छापली नाहीत, तर मी स्वतः छापून सोसायटीच्या दारात वाटेन. अक्षर अजून चांगलं आहे माझं. तुमची पिशवी काल मी शाळेच्या अंगणात रिकामी केली. चिमण्या आल्या.

एकवीस किलो आठशे, बाई. यातून काही वजा करायचं नाही.